धावण्याची लाट : आली कशी, उरले काय?

सामाजिक लाट एकाएकी उसळल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिची पूर्वतयारी पुष्कळ आधी झालेली असते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत हौसेखातर धावण्याची जी लाट आली, तिचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या लाटेचे एक मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. तेथील प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी मध्यमवयीन नागरिकांना संथ गतीने धावण्याची गोडी लावली होती. ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ते पाहिले आणि मायदेशी परतल्यावर तसेच वर्ग सुरू केले. १९६८ मध्ये डॉ. केनेथ कूपर यांच्या ‘एरोबिक्स’ या ग्रंथाने अशा व्यायामास वैद्यकीय आधार दिला. बैठे काम, मोटारींचा वापर आणि वाढता हृदयविकार यांमुळे भूमी तयारच होती.

ठिणगी पडली ती १९७२ मध्ये. म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकली. १९०८ नंतर अमेरिकेला या शर्यतीत मिळालेले हे पहिलेच सुवर्णपदक होते आणि ते दूरचित्रवाणीवरून घरोघरी पाहिले गेले. त्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉनमध्ये महिलांना अधिकृत प्रवेश मिळाला. न्यूयॉर्कच्या १९७० च्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये १२७ जण धावले व ५५ जणांनीच ती पूर्ण केली. १९७६ मध्ये शर्यत उद्यानातून शहराच्या रस्त्यांवर आली, तेव्हा धावपटूंची संख्या दोन हजारांच्या घरात होती. १९७७ मध्ये जिम फिक्स यांचे धावण्यावरील पुस्तक कमालीचे खपले. बूट तयार करणाऱ्या कंपन्यांचीही भरभराट झाली.

परंतु लाटेबरोबर अतिरेकी श्रद्धाही येते. धावणाऱ्यास हृदयविकार होतच नाही, असे काही जण मानू लागले. १९८४ मध्ये स्वतः फिक्स वयाच्या ५२ व्या वर्षी धावत असतानाच हृदयविकाराने मृत्यू पावले. त्यांच्या वडिलांचाही ४३ व्या वर्षी याच विकाराने अंत झाला होता. शिवाय फिक्स स्वतः पूर्वी धूम्रपान करीत असत. यावरून व्यायाम व्यर्थ ठरत नाही; मात्र तो वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट होते.

पूर ओसरल्यावर शेतात गाळ उरला की वाळू, यावरून त्याचे मोल ठरते. धावण्याच्या लाटेने मागे गाळ ठेवला. १९८४ मध्येच लॉस एंजेलिस येथे महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. न्यूयॉर्कची शर्यत २०१९ मध्ये पन्नास हजारांहून अधिक जणांनी पूर्ण केली. आपल्याकडेही मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू झाली. उत्साह टिकला तो धावपटूंचे संघ, नियमित शर्यती आणि सर्वांना खुला प्रवेश यांच्या आधारावर.

आपल्या गावात एखादा उपक्रम जोमाने सुरू होतो, तेव्हा हाच प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. उद्घाटनाची गर्दी पांगते. शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ ग्रामस्थांना खुले राहिले, मुली व प्रौढ स्त्रिया तेथे निःसंकोच येऊ लागल्या आणि चाळिशी ओलांडलेल्यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ लागली, तर लाट ओसरली तरी तिचे फळ गावात राहील.