तडा कुठे सुरू होतो?

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला आणि त्या अपघातात 50हून अधिक माणसे दगावली. सतत वापराने लोखंडाचा पोतच बदलतो, असा तेव्हा समज होता. रँकिन या तरुण अभियंत्याने मोडके अ‍ॅक्सल तपासून वेगळेच दाखवले: अ‍ॅक्सलची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यातून तडा हळूहळू आत सरकलेला असतो. याला आपण धातूचा थकवा म्हणतो.

हा विषय शिकवताना मी दोन नमुने शेजारी ठेवतो. एक गुळगुळीत घासलेला, दुसरा मध्ये खाच पाडलेला. यंत्रात वाकवून फिरवले, की प्रत्येक फेऱ्यात पृष्ठभाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो.

गुळगुळीत नमुन्यात काही स्फटिककणांतले थर पुढे-मागे सरकतात, पण पूर्णपणे जागेवर परतत नाहीत. पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे आणि घळी तयार होतात. एखाद्या घळीतूनच तडा फुटतो. यूइंग आणि हम्फ्री यांनी 1903 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली लोखंडात ही वाटचाल पाहिली. ताण कमी असेल, तर नमुन्याचे बहुतेक आयुष्य या तयारीतच जाते.

खाच असली, की ही तयारी लवकर उरकते. रुंद पत्र्याला गोल भोक पाडून तो ओढला, तर भोकाच्या कडेला सरासरीच्या तिप्पट ताण येतो. खाच जितकी टोकदार, तितका ताण जास्त. तडा लवकर फुटतो आणि उरलेले आयुष्य तो वाढण्यात जाते.

इथे एक गंमत आहे. फार टोकदार खाचेत तडा फुटून थोड्याच अंतरावर थांबूही शकतो, कारण तीव्र ताण खाचेच्या तळाजवळच असतो. म्हणजे तडा पडणे आणि तुकडा मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून गुळगुळीत नमुन्यावर मिळालेला आकडा खऱ्या शाफ्टला जसाच्या तसा लावू नये, असे मी विद्यार्थ्यांना बजावतो. चावीचा गाळा, आट्यांचा तळ, पंचने ठोकलेला नंबर, लेथच्या हत्याराचा ओरखडा या सगळ्या खाचाच. कोपऱ्याला पुरेशी गोलाई देणे हा उपाय रँकिननेही सुचवला होता. तो आजही सर्वांत स्वस्त आहे. मात्र ती गोलाई ड्रॉइंगमध्ये दाखवलेली हवी आणि लेथवर ती खरोखर काढलीही जायला हवी.