रक्त वाढले म्हणजे बरेच झाले, असे नाही

आपल्या घरांत "रक्त वाढले" हे शब्द आनंदाचेच असतात. बाळंतिणीचे, वयात आलेल्या मुलीचे, घरकाम करून पुन्हा घरचे काम करणाऱ्या बाईचे रक्त नेहमी कमीच. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, सगळा खटाटोप रक्त वाढवण्यासाठी. मी वॉर्डात असताना हिमोग्लोबिन आठ, सात, कधी पाचसुद्धा पाहिले. त्यामुळे कुणाच्या रिपोर्टवर १८ दिसले की घरचे म्हणणार, "वा, तब्येत सुधारली!" टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र या आकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

हे औषध घेणारे आपल्या वस्त्यांतही आहेत. एक, ट्रान्स पुरुष. जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेली, पण मनाने आणि जगण्याने पुरुष असलेली आपलीच मुले. दोन, ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक कमी तयार होते म्हणून डॉक्टरांनी ते सुरू केले असे पुरुष. आणि तीन, जिममधली पोरे, ज्यांना "बॉडी लवकर बनेल" म्हणून कुणीतरी तेलकट इंजेक्शन टोचून देते. तिघांचे कारण वेगळे असले तरी रक्तावर होणारा परिणाम एकच.

हाडांच्या आतल्या मगजात लाल पेशी तयार होतात. टेस्टोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडाकडून मगजाला "आणखी पेशी बनव" असा निरोप जास्त जातो, आणि शरीरात साठवलेले लोहही त्या कामासाठी मोकळे होते. ट्रान्स मुलांची पाळी बंद होते, म्हणजे दर महिन्याला जाणारे रक्तही थांबते. थोडी वाढ चांगलीच आहे. ज्याचे हिमोग्लोबिन आधी नऊ होते त्याचे तेरा-चौदा झाले तर अंगात ताकद येते. पण पेशी फार वाढल्या की रक्त दाट होते. पातळ पिठले भांड्यातून सरसर ओतता येते, घट्ट झाले की गोळे पडतात. रक्ताचे गोळे पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत अडकू शकतात. भीती त्याची आहे.

हा दाटपणा साध्या सीबीसी तपासणीत कळतो. रिपोर्टवर पीसीव्ही किंवा एचसीटी लिहिलेली ओळ शोधा. आपण त्याला हिमॅटोक्रिट म्हणू. रक्ताच्या शंभर भागांत लाल पेशी किती, हे तो आकडा सांगतो. पुरुषांत साधारण ४० ते ५०, बायकांत ३६ ते ४६. औषध सुरू करण्याआधी एकदा, मग तीन ते सहा महिन्यांच्या आत, आणि नंतर दरवर्षी ही तपासणी करावी, असे या विषयातले डॉक्टर सांगतात. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी कराच, कारण मोठी वाढ याच काळात होते. ५० च्या वर गेले की डॉक्टरांशी बोलायचे. ५४ च्या वर गेले तर पुढचे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना गाठायचेच. आकडा खाली येईपर्यंत ते औषध थांबवतात आणि मग कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात.

ट्रान्स मुलांच्या रिपोर्टमध्ये एक घोळ हमखास होतो. आधार कार्डावर अजून स्त्री लिहिलेले असते, म्हणून लॅबवाला बायकांची मर्यादा छापतो. मग हिमोग्लोबिन १५.८ च्या शेजारी जाड अक्षरात "जास्त" असे येते आणि पोरगा घाबरून औषधच बंद करतो. काही महिने नियमित टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर पुरुषांचीच मर्यादा लावायची असते, आणि त्या मर्यादेत १५.८ अगदी ठीक आहे. याच्या उलटही होते. रिपोर्टवर खुणा नाहीत म्हणून कुणी ५३ कडेसुद्धा बघत नाही. म्हणून शेजारची खूण सोडा, आकडा वाचा.

घाबरून जाण्यासारखे फारसे नाही हेही सांगायला हवे. नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी हजाराहून जास्त ट्रान्स पुरुषांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांत ५० च्या वर कधी ना कधी गेलेले ११ टक्के होते, ५४ च्या वर गेलेले अर्धा टक्का. धूम्रपान करणारे आणि वजन जास्त असलेले यांच्यात हे प्रमाण अधिक होते.

आकडा जास्त आला तर पहिले काम म्हणजे तपासणी पुन्हा करणे. मे महिन्यात स्लॅबचे काम करून, दिवसभरात दोन ग्लास पाणी पिऊन, वर उपाशीपोटी रक्त दिले तर ते दाटच दिसणार. सीबीसीला उपाशी राहावे लागत नाही. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या, जेवून जा. पाण्याने लाल पेशी कमी होत नाहीत, पण खोटी वाढ असेल तर ती निघून जाते. शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले तेही चिठ्ठीवर लिहून न्या.

खरी वाढ असेल तर बहुतेक वेळा मूळ दुखणे इंजेक्शनच्या पद्धतीत सापडते. आपल्याकडे २५० मिलिग्रॅमची अँप्यूल मिळते आणि दोन-तीन आठवड्यांनी ती पूर्ण घेतली जाते. पहिल्या काही दिवसांत संप्रेरक एकदम उंच जाते आणि मग उतरत जाते. रक्त दाट व्हायला हे शिखर बरेच कारणीभूत ठरते. म्हणून डॉक्टर तेच औषध थोडे थोडे, कमी दिवसांच्या अंतराने देतात, एकूण मात्रा कमी करतात, किंवा अंगाला लावायचे जेल देतात. जेलने रक्त कमी वाढते, पण ते महाग पडते आणि रोज लावावे लागते, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना छोटी मात्राच परवडते. इथे नर्स म्हणून दोन गोष्टी बजावून सांगते. उघडलेल्या अँप्यूलमधले उरलेले औषध सिरिंजमध्ये भरून पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका. त्यात जंतू वाढतात आणि कमरेला गळू होते. आणि दोन मित्रांनी एक अँप्यूल वाटून घेतली तर सुई-सिरिंज प्रत्येकाची वेगळी आणि नवी हवी. टोचलेली सुई पुन्हा औषधात बुडवायची नाही. कावीळ आणि एचआयव्ही असेच पसरतात.

बिडी-सिगारेटच्या धुरातला विषारी वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, म्हणून शरीर आणखी पेशी बनवते. बिडी सुटली की आकडा उतरू लागतो. रात्री जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंगणे असे होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यानेही रक्त दाट होते. लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. आईने मायेने आणलेली बाटली असली तरी नाही. रक्त पातळ करायला म्हणून ॲस्पिरिनही मनाने नको, पोटात रक्तस्राव होतो.

रक्त काढून टाकणे हा उपाय आहे, पण तो रुग्णालयात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. एका बॅगेने हिमॅटोक्रिट साधारण तीनेक अंकांनी उतरते. वारंवार काढले तर लोह संपते, थकवा येतो आणि मूळ कारण तसेच राहते. "त्यापेक्षा रक्तदान कर" असा सल्ला ट्रान्स मुलांना मिळतो, पण २०१७ च्या राष्ट्रीय नियमांनी ट्रान्सजेंडर व्यक्तींना रक्तदानासाठी कायमचे अपात्र ठरवले. २०२१ मध्ये त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. वागणूक न विचारता ओळख पाहून दारातून परत पाठवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. उपचार म्हणून रक्त काढण्याला मात्र तो नियम लागू नाही, हे रक्तपेढीतल्या माणसाला ठामपणे सांगा.

विदर्भातल्या घरांसाठी आणखी एक. आपल्या समाजात सिकलसेल आहे. हा आजार असेल तर पेशी आधीच अडकत असतात, त्यात रक्त दाट झाले तर दुखण्याचा झटका येऊ शकतो. ५४ ची वाट पाहू नका. टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी करा, आणि वाहक असाल तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

जिममधल्या भावांनो, तुमचे औषध कोण देतो, किती देतो, बाटलीत खरे काय आहे, कशाचाच पत्ता नसतो. डोस दुप्पट-चौपट असतो आणि तपासणी शून्य. इंजेक्शन आज बंद केले तरी तयार झालेल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून रक्त उतरायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळात एक-दोनदा सीबीसी करा. डॉक्टरला खरे सांगा, तो पोलिसांत देत नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. ओपीडीत नाव पुकारताना जुन्या नावाने हाक मारली जाते म्हणून मुले जात नाहीत, हे मला माहीत आहे. अशा वेळी घरचे कुणी, आई असो की मोठा भाऊ, सोबत गेले तर खूप फरक पडतो.

दाट रक्ताने डोके जड होते, चेहरा लाल होतो, अंघोळीनंतर अंग खाजते, डोळ्यांसमोर धूसर दिसते. पण अनेकांना काहीच जाणवत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळले तर रिपोर्ट, सकाळ, ओळखीचा डॉक्टर यांची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्ण टेस्टोस्टेरॉन घेतो हे पहिल्याच वाक्यात सांगा.