दर उन्हाळ्यात कारच्या एसीत गॅस भरताय? आधी ही छोटी पिन तपासा

अहिल्यानगर : पारा चाळिशीकडे सरकू लागला की शहरातल्या गॅरेजांमध्ये एकच मागणी सुरू होते, ‘एसी गार करत नाही, जरा गॅस भरून द्या.’ थोड्या वेळात काम होते, पैसे दिले जातात, एसी मस्त चालतो. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी पुन्हा त्याच गॅरेजसमोर उभी असते.

आमच्या घरच्या गाडीचे सलग तीन उन्हाळे असेच गेले. चौथ्या वर्षी दुसऱ्या एका मेकॅनिकने गॅसचा सिलिंडर बाजूलाच ठेवला. बॉनेट उघडले, पाइपवरचे प्लास्टिकचे टोपण काढले आणि आत साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. काही सेकंदांतच बारीक बुडबुडे दिसू लागले. दोष होता बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिनेत. तिची किंमत नाश्त्याच्या एका प्लेटएवढी. तोवर गॅसवर मात्र काही हजार रुपये गेले होते.

एसीचा गॅस संपतो का?

नाही. पेट्रोल जळते, तसा हा गॅस जळत नाही आणि वापरून संपतही नाही. कॉम्प्रेसर, कन्डेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि इव्हॅपोरेटर या बंद साखळीत तोच गॅस पुन्हापुन्हा फिरतो. तो कमी झाला, याचा अर्थ कुठून तरी बाहेर गेला.

रबरी होजमधून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांनी थोडी भर घालावी लागली तर त्यात वावगे काही नाही. दरवर्षी घालावी लागत असेल, तर ती गळतीच.

ही पिन असते कुठे?

एसीच्या पाइपवर गॅस भरण्यासाठी दोन तोंडे असतात. एक कमी दाबाच्या जाड पाइपवर, दुसरे जास्त दाबाच्या बारीक पाइपवर. टोपणांवर बहुधा ‘एल’ आणि ‘एच’ लिहिलेले असते. टोपणाखाली स्प्रिंगची व्हॉल्व्ह पिन असते. दिसायला अगदी टायरच्या व्हॉल्व्हसारखी.

काम मात्र कितीतरी कठीण. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. ४० अंशांच्या उन्हात इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीच्या एसीत आर-१३४ए गॅसचा दाब १३० पीएसआयच्या आसपास असतो. एसी सुरू केला की जास्त दाबाच्या बाजूला तो २०० च्या पुढे जातो. एवढा दाब पिनेवरचे रबराचे बारीक सील अडवून धरते.

उष्णतेने ते रबर कडक होते. टोपण हरवले असेल, तर आत धूळ बसते. शिवाय गॅस भरताना दरवेळी ही पिन दाबली जाते. म्हणजे गळती न शोधता वर्षाला गॅस भरत राहिलो, तर पिनेची झीजही आपणच वाढवतो.

पाइपांच्या जोडावरच्या ओ-रिंगचेही असेच. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी सतत हादरत असेल, तर जोड सैल होऊ शकतात. गळतीच्या ठिकाणी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर तिथूनच तपासायला सुरुवात करावी.

टायरची पिन बसवली तर?

बसवू नका. तिचे रबर एसीतल्या गॅससाठी आणि तेलासाठी बनवलेले नसते. ओ-रिंगसुद्धा आर-१३४ए साठीचीच हवी. ती बऱ्याचदा हिरव्या रंगाची असते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. माप आणि गाडीचे मॉडेल सांगूनच घ्या.

पिन बदलतात कशी?

- आधी सिस्टीममधला गॅस मशीनने काढून घेतात. तो हवेत सोडायचा नसतो.
- खास हत्याराने जुनी पिन काढतात. नव्या पिनेला एसीच्या तेलाचा थेंब लावून ती बेताने घट्ट करतात. जास्त आवळली तर सील दबते.
- मग सुमारे अर्धा तास व्हॅक्यूम लावतात. त्यामुळे आतली हवा आणि ओल निघते. व्हॅक्यूम टिकला नाही, तर गळती अजून आहे.
- शेवटी गॅस वजन करून भरतात. लहान गाड्यांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असतो. नेमके ग्रॅम बॉनेटखालच्या स्टिकरवर असतात.

काही मेकॅनिककडे गॅस न काढताच पिन बदलता येईल असे हत्यार असते. ते असेल तर काम आणखी सोपे.

स्वतः मात्र स्क्रू ड्रायव्हरने किंवा खिळ्याने पिन दाबून ‘गॅस आहे का’ हे पाहू नका. मोकळ्या हवेत आर-१३४ए उणे २६ अंशांनाच उकळतो. त्याची चिळकांडी बोटांवर किंवा डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते.

दुर्लक्ष केले तर काय होईल?

कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेलही नीट पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर घासू लागतो. बऱ्याच गाड्यांत प्रेशर स्विच कॉम्प्रेसर वेळीच बंद करतो. काही जण हा स्विच वायर जोडून बायपास करून घेतात. असे करणे म्हणजे नाश्त्याच्या पैशांच्या पिनेपायी कॉम्प्रेसरचा बळी देणे.

दुसरे नुकसान दिसत नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. अर्धा किलो गॅस हवेत गेला, तर तो साधारण ७१५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार. सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा धूर होतो. लिटरला १६ किलोमीटर धरले, तर नगर-पुण्याच्या २० फेऱ्या, जाऊन-येऊन!

म्हणूनच २०१६ च्या किगाली करारात असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे.

ट्रकमालकांनाही हे कळायला हवे

नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये २०२५ पासून एसी सक्तीचा झाला आहे. नेप्ती, घोडेगावहून कांदा भरून निघणाऱ्या चालकांना त्याचा दिलासा मिळेल. पण आजवर कारपुरता असलेला ‘गॅस भरून द्या’चा खर्च आता मालवाहतुकीतही येणार. गळती शोधायची सवय आधीच लावलेली बरी.

दोष गॅसचाच असेल असे नाही

- चालताना गार, सिग्नलला गरम : कन्डेन्सरचा पंखा बंद किंवा जाळीत धूळ.
- हवा थंड, पण झोत कमी : केबिन फिल्टर तुंबलेला.
- पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालतो : ब्लोअर रेझिस्टर खराब.
- कॉम्प्रेसर सुरूच होत नाही : फ्यूज, रिले किंवा प्रेशर स्विच तपासा.

गॅरेजमध्ये हे चार प्रश्न विचारा

१. गळती कुठे आहे, मला दाखवाल का?
२. पिना आणि ओ-रिंग तपासल्या का?
३. व्हॅक्यूम किती वेळ लावला, तो टिकला का?
४. गॅस किती ग्रॅम भरला? बिलावर लिहून द्या.

इलेक्ट्रिक कार असेल तर कुठेही बॉनेट उघडू देऊ नका. तिचा कॉम्प्रेसर हाय-व्होल्टेजवर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे असते. चुकीचे तेल गेले तर विजेची गळती होण्याचा धोका असतो.

आमच्या गाडीत पिन बदलल्याला आता दोन उन्हाळे झाले. त्यानंतर एकदाही गॅस भरावा लागलेला नाही. तुमच्या गाडीच्या दोन्ही टोपणांपैकी एखादे गायब नाही ना, हे आज गाडी लावताना बघून घ्या. त्याला एक मिनिटही लागत नाही.