शिक्षेनंतर परिचारिकेची नोकरी : काय सांगावे, कोणता आधार घ्यावा

पूर्वी न्यायालयात शिक्षा झालेल्या परिचारिकेस पुन्हा नोकरी मिळू शकते काय? हट्ट्यासारख्या गावात हा प्रश्न संपूर्ण कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा असतो. शिक्षेमुळे प्रत्येक दार बंद होत नाही. ती लपविल्यास मात्र मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

शासकीय सेवेत रुजू होताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शिक्षा वा प्रलंबित खटल्याविषयी उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. नियुक्तीचा निर्णय नियोक्त्याचा असतो; तथापि गुन्ह्याचे स्वरूप त्याने विचारात घ्यावयाचे असते.

कायद्याने काहींना विशेष संरक्षण दिले आहे. न्यायालयाने १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असल्यास, कलम १२ अन्वये त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. अल्पवयीन असताना बाल न्याय कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणांनाही, काही अपवाद वगळता, असेच संरक्षण आहे.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी निकालपत्राची प्रमाणित प्रत मिळवावी. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. रुग्णालयांच्या चालकांनीही केवळ 'शिक्षा' हा शब्द वाचून अर्ज बाजूला ठेवू नये, निकालपत्र वाचावे.