छुपे शुल्क आणि सामूहिक दावा

ऑनलाइन खरेदीत पैसे भरताना अचानक दोन-तीन डॉलरचे ‘प्रक्रिया शुल्क’ उगवते. तेवढ्यासाठी एकटा ग्राहक कोर्टाची पायरी चढत नाही. अमेरिकेतला ‘क्लास ॲक्शन’, म्हणजे सामूहिक दावा, हा त्यावरचा मार्ग. मोजके ग्राहक सर्वांच्या वतीने लढतात. तडजोडीला न्यायाधीशांची मंजुरी लागते. तडजोड नको असेल त्याला मुदतीत बाहेर पडता येते.

कार्यक्रमांची तिकिटे विकणाऱ्या ‘तिकीटमास्टर’ कंपनीवर २००३ मध्ये असा दावा झाला. शुल्क खर्चापुरतेच असल्याचे भासवून कंपनी त्यातून नफा कमावते, हा आक्षेप होता. १९९९ ते २०१३ दरम्यानचे सुमारे ५ कोटी ग्राहक तडजोडीत आले. हाती मात्र रोख रकमेऐवजी मुख्यतः पुढच्या खरेदीवर सव्वादोन डॉलर सूट देणारे कोड पडले. भरपाई हवी, तर पुन्हा त्याच दुकानात जा!

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ नुसार समान हिताच्या ग्राहकांसाठी ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. शुल्क शेवटी उघड करणे २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी क्लृप्ती, मानले आहे. त्यामुळे बिलाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तक्रारीत तोच पुरावा ठरतो.