माणूस यंत्रच आहे का?

शेगावहून गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पायी पंढरपूरला जाते. एवढ्या रस्त्यावर सायकलचा टायर झिजतो. पण अनवाणी चालायचा सराव असलेल्या वारकऱ्याचा तळवा उलट जाड होतो. अचानक जोरात घासले तर फोड येतो हे खरे, पण दाब आणि घर्षण रोजचे झाले की त्वचेच्या तळच्या थरातल्या पेशी भराभर विभागतात, वर सरकताना केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात आणि मरून एकमेकींना चिकटून राहतात. हाच घट्टा. रक्तातल्या तांबड्या पेशीही साधारण १२० दिवसांनी बदलतात, मिस्त्री न बोलावता.

म्हणून माणूस यंत्र नाही, असे म्हणणे मला घाईचे वाटते. पेशीला दाब ‘कळतो’ तो रसायनांच्या नियमांनीच. शरीर यंत्रच आहे, फक्त स्वतःचे सुटे भाग स्वतःच घडवणारे. खरा आक्षेप वेगळा आहे: टायरला दुखत नाही, पावलाला दुखते. मज्जातंतूंतला संदेश मोजता येतो, पण त्याची वेदना कशी होते याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. तरीही जाणीव शरीराबाहेरची मानता येत नाही, कारण भुलीचे औषध मेंदूपर्यंत पोहोचले की तीही थांबते.