भीषण चित्रपट आणि पाहणाऱ्याचे चित्त

वर्षावासाच्या तोंडावर कर्जत तालुक्यातील कडाव येथे धम्मप्रवचनासाठी जाण्याचा योग आला. प्रवचन आटोपल्यावर तेथील तरुणांनी एक प्रश्न पुढे ठेवला. ११ जुलैच्या स्मृतिदिनी विहारात आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा अनुबोधपट दाखवावा, असा त्यांचा मानस होता. एका वयोवृद्ध उपासिकेने त्यास विरोध केला. “बाळांनो, जे आपल्या माणसांनी भोगलं ते पुन्हा भिंतीवर कशाला बघायचं? आणि विहारात रक्त दाखवायचं?” असे त्या म्हणाल्या. त्यावर एक युवक उत्तरला, “आजी, याहून भयंकर लढाईचे पिक्चर आम्ही रोज मोबाईलवर बघतो.” दोघांचेही म्हणणे मला जागच्या जागी निकालात काढता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या संध्याकाळचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम शीलाचा विचार करू. नृत्य, गीत, वादन आणि तमाशे पाहण्यापासून विरत राहणे हा उपोसथाच्या अष्टशीलांचा भाग आहे; नित्याच्या पंचशीलात तो नाही. सिगालोवाद सुत्तात खेळतमाशांच्या नादी लागण्याचे दोष सांगितले आहेत. परंतु तेथे निंदा आहे ती ‘आज कोठे नाच, कोठे गाणे’ याच शोधात दिवस घालविणाऱ्या गृहस्थाची. कलेविषयी धम्माला सरसकट तिटकारा असता, तर कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्याच्या दर्शनी भागावर नृत्य करणारी युगुले कोरली गेली नसती. तेव्हा चित्रपट पाहावा की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. पाहताना चित्तात काय घडते, हे पाहिले पाहिजे.

याविषयी संयुत्त निकायाच्या गामणि संयुत्तात लागोपाठ आलेली दोन सुत्ते फार मोलाची आहेत. पहिल्यात तालपुट नावाचा नटांचा नायक भगवंतांकडे येतो. रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना रिझविणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांमध्ये जन्मतो, असे आपले पूर्वाचार्य सांगत, ते खरे काय, असे तो विचारतो. भगवंत उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र स्पष्ट सांगतात. प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेला असतो. नट त्याच्यापुढे त्याच तिन्हींना वाढविणारे विषय मांडतो. तालपुट रडू लागतो. उत्तर कठोर होते म्हणून नव्हे; पूर्वाचार्यांनी दीर्घकाळ आपली फसवणूक केली, याचे त्याला दुःख होते. पुढे तो प्रव्रजित होऊन अर्हत झाला.

दुसऱ्या सुत्तात युद्धावर उपजीविका करणारा योद्धा असाच प्रश्न करतो. भगवंत त्याचे लक्ष शस्त्राच्याही आधी जे घडते तिकडे वळवितात. ‘हे मारले जावोत, यांचा नाश होवो’ असा संकल्प करून तो लढतो, तेव्हाच त्याचे चित्त हीन झालेले असते. या सुत्तांतील स्वर्ग-नरक कसे समजावेत, हा येथे आपला विषय नाही. संकल्पाचे निदान मात्र आजही जसेच्या तसे लागू पडते. १९९७ साली ‘बॉर्डर’ प्रदर्शित झाला तेव्हा शत्रूचा रणगाडा उडाला की चित्रपटगृहात शिट्ट्या वाजत. शिट्टी वाजविणाऱ्याने कोणाला मारलेले नसते. ‘मारले जावोत’ हा संकल्प मात्र त्याने केलेला असतो, आणि तोही तिकीट काढून. ज्या युद्धपटाने झोप उडते त्यापेक्षा ज्याने छान झोप लागते, त्याची मला अधिक धास्ती वाटते.

म्हणून काय, जे दृश्य हादरवून सोडते ते आपोआप कल्याणकारी ठरते? असा समज सार्वत्रिक आहे. धक्का बसला की माणूस बदलतो, असे आपण गृहीत धरतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच गृहीतावर बोट ठेवले होते. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. वयाच्या २९व्या वर्षापर्यंत ही दृश्ये सिद्धार्थाने पाहिलीच नव्हती, हे बुद्धीला पटणारे नाही. त्याऐवजी बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटू पाहणाऱ्या युद्धाची हकीकत मांडली. शाक्य संघात उभे राहून सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि त्याची किंमत त्याने स्वतः मोजली. तेथे एकाएकी दिसलेले भयंकर दृश्य नाही. विचार, वाद आणि निर्णय आहे.

नुसत्या धक्क्याचे भय खुद्द त्रिपिटकातही नोंदलेले आहे. वैशाली येथे भगवंतांनी भिक्षूंना अशुभ भावना शिकविली आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. परत आले तो संघ विरळ झालेला. देहाच्या किळसेने ग्रासून अनेक भिक्षूंनी आपले जीवन संपविले होते. आनंदांनी दुसरा मार्ग सांगण्याची विनंती केली, तेव्हा भगवंतांनी आनापानसती शिकविली. ज्या गोष्टीने वैराग्य यावे तिने घात केला, तोही साधकांचा, आणि मार्गदर्शक दूर असताना. मध्यरात्री अंधाऱ्या खोलीत एकट्याने मोबाईलवर प्रेतांचे ढीग पाहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची स्थिती याहून बरी कशी असेल?

आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू हिंसा. जवळचा शत्रू दौर्मनस्य, म्हणजे शोकाने खचणे. जवळचा यासाठी की तो करुणेसारखाच दिसतो. चित्रपट पाहून दोन दिवस अन्न गोड न लागणे म्हणजे करुणा नव्हे. करुणेला हातपाय असतात.

जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा यांच्या ‘बर्मीज हार्प’ (१९५६) या चित्रपटात हा भेद उत्तम दिसतो. दुसरे महायुद्ध संपले आहे. मिझुशिमा हा जपानी सैनिक भिक्षूचे चीवर चोरून, त्या वेषात ब्रह्मदेशातून आपल्या तुकडीकडे निघतो. (विनयाच्या दृष्टीने हा गंभीर दोष होय, चित्रपट त्याची फारशी दखल घेत नाही.) वाटेत जपानी सैनिकांची बेवारस प्रेते आढळतात. काहींना तो मूठमाती देतो, पण प्रेते संपत नाहीत; तो तोंड फिरवून पुढे जातो. नंतर शत्रुपक्षाच्या परिचारिका एका अज्ञात जपानी सैनिकाचा दफनविधी करताना त्याला दिसतात. तो परत फिरतो, प्रेते पुरत राहतो, आणि मायदेशी जाणाऱ्या सोबत्यांबरोबर जात नाही. प्रेते पाहून जे झाले नाही, ते दुसऱ्याचे कुशल कर्म पाहून झाले.

आता कडावच्या प्रश्नाकडे येतो. मोबाईलवरचा युद्धपट परक्याचा असतो. ‘जय भीम कॉम्रेड’मधील जखम आपली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांनी १४ वर्षे चित्रण करून २०११ साली हा चित्रपट पूर्ण केला. जे घडले त्याची ही साक्ष आहे, आणि साक्ष नव्या पिढीपुढे यायलाच हवी. तरीही त्या आजींचे म्हणणे मला दुबळे वाटत नाही. सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप नोंदविला: एक लाख मारले गेले, दीड लाख पकडून नेले. हा लेख अनेक ठिकाणी कोरला गेला. खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, तो नाही. त्याऐवजी तेथे सर्व प्रजाजन आपली अपत्ये आहेत असे सांगणारे वेगळे लेख आहेत. यामागचे कारण अशोकाने लिहून ठेवलेले नाही. ज्यांनी भोगले त्यांच्या दारात ती आकडेवारी नको, असा विचार असावा, हे अभ्यासकांचे अनुमान मला पटते.

मी तरुणांना पत्र लिहून कळविले की चित्रपट दाखवावा, पण रात्री उशिरा नव्हे. सुमारे तीन तासांचा चित्रपट मध्ये थांबवून दोन भागांत दाखवावा. आधी दहा मिनिटे आनापानसती व्हावी, लहान मुलांना त्या वेळी दुसरीकडे खेळवावे, दार उघडे असावे आणि उठून जाणाऱ्याला कोणी टोकू नये. संपल्यावर दिवे लावून, चहा देऊन, तासभर बोलावे. काय वाटले याबरोबर आता काय करायचे, हेही बोलावे. आजींकडे स्वतः जाऊन त्यांची अनुमती घ्यावी.

त्यांनी अनुमती दिली, असे उत्तर आले. पहिल्या भागात त्या बाहेर ओट्यावर मुलांना घेऊन बसल्या होत्या. मध्यंतरानंतर आतून शाहिरीचा आवाज आला, तेव्हा त्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि कोणीतरी त्यांना खुर्ची दिली.